मुदत संपलेली सवलत

दुपारची अर्धी रिकामी गाडी. इंग्लंडातला टीसी तिकिटावर यंत्र धरतो, टुक् वाजतं, आणि तो सहज विचारतो, ‘रेलकार्ड?’ म्हणजे तिकिटावर सूट देणारं सवलतकार्ड. मोबाइल उघडावा तर कार्डाची मुदत गेल्या मंगळवारीच संपलेली.

गंमत म्हणजे तिकीट काढताना कुणी हटकत नाही. अॅपमध्ये एकदा ‘१६-२५ रेलकार्ड’ (तरुणांचं) निवडलं की ते तिथंच मुक्काम ठोकतं. कार्ड संपलं तरी तिकिटामागे एक तृतीयांश सूट चालूच. कार्ड जिवंत आहे की नाही हे बघणं टीसीचं काम. लोकलचा पास त्या मानाने बरा. पारदर्शक पाकिटातून शेवटची तारीख रोज डोळ्यांत खुपते.

गाडीतच घाईघाईने नवं कार्ड काढून उपयोग नाही, ते मागे लागू होत नाही. मुदतीतलं कार्ड घरी राहिलं असेल तर गोष्ट वेगळी: तेव्हा पैसे भरायचे, पावती ठेवायची आणि २८ दिवसांत परतावा मागायचा. तोही वर्षातून एकदाच.

मुदत संपलेली असताना टीसीने पेनल्टी फेअरची, म्हणजे दंडाच्या भाड्याची, पावती फाडली तर सुटलो म्हणावं. जानेवारी २०२३ पासून १०० पौंड अधिक एकेरी भाडं. २१ दिवसांत भरलं तर ५० अधिक भाडं. पहिलं अपीलही त्याच २१ दिवसांत. ‘लक्षात नव्हतं’ हे कारण मात्र तिथं फारसं चालत नाही.

खरी धास्ती नाव-पत्ता लिहून घेतला तर. काही आठवड्यांनी रेल्वे कंपनीचं पत्र येतं, खटल्याची टांगती तलवार घेऊन. तिथल्या रेल्वेचा उपविधी १८, वैध तिकिटाविना प्रवासाबद्दलचा, हेतू विचारत नाही. १८८९ च्या तिथल्या रेल्वे कायद्याखाली मात्र लबाडी सिद्ध करावी लागते. उत्तर मुदतीत, थोडक्यात आणि खरं लिहावं, बुडालेलं भाडं व खर्च भरायची तयारी दाखवावी. बरीच प्रकरणं कोर्टाबाहेर मिटतात. ‘पहिल्यांदाच झालं हो’ हे वाक्य जपून वापरावं, कारण अॅपवरची जुनी तिकिटंही तपासली जातात, आणि त्या मंगळवारनंतरचे सगळे प्रवास तिथं ओळीने मांडलेले असतात.

आपला रेल्वे कायदा १९८९ चा, बरोबर शंभर वर्षांनी धाकटा. त्यातही लबाडीला कलम १३७, नुसत्या बिनतिकिटाला १३८.

हे सगळं होईतो अॅपमध्ये परतीचं तिकीट निवांत पडलेलं असतं. त्याच कार्डावरचं.