चेहरा मी पाहिलाच नाही

"तुम्ही एवढी वर्षं कोर्टात काढली. तुम्हाला तर माणसानं तोंड उघडलं की कळत असेल, खरं बोलायलाय का खोटं."

हे मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, कटिंगच्या दुकानात विचारतात, एकदा तर मयताला गेलो तिथंही विचारलं. गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनींची पाळी होती. लेकीसाठी पुण्याचं स्थळ आलंय. मुलगा नोकरी, पगार, फ्लॅट सगळं सांगतोय, रविवारी बघायला येणार. "भाऊजी, तुम्ही काही बोलू नका. नुसतं त्याच्या तोंडाकडं बघत बसा, अन् मंग मला सांगा."

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो वहिनी, पण आधी एक कबुली. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी ३१ वर्षं टाइपिस्ट होतो. साक्षीदार बोलणार, न्यायाधीश त्याचं नीट वाक्य करून सांगणार, मी बडवणार. साक्षीदाराचा पिंजरा माझ्या डाव्या अंगाला, अन् माझे डोळे आधी टाइपरायटरच्या कागदावर, पुढं कॉम्प्युटरच्या पडद्यावर. हजारो साक्षी कानावरून गेल्या. चेहरे मी पाहिलेच नाहीत.

उलटतपासाच्या शेवटी वकील न चुकता म्हणणार, तुम्ही खोटी साक्ष देताय असं माझं म्हणणं आहे. साक्षीदार म्हणणार, "न्हाई सायेब." मग मी टाइप करायचं : 'मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.' खरं बोलणाऱ्याचंही वाक्य तेच, लबाडाचंही तेच. बोटांना इतकं पाठ झालं होतं की न्यायाधीशांनी तोंड उघडायच्या आत अर्धं उमटलेलं असायचं.

आता लोक म्हणतात, खोटं बोलणारा नजर देत नाही. हे फक्त आपल्याकडंच म्हणतात असंही नाही. संशोधकांनी जगभरच्या पन्नासाहून जास्त देशांत विचारून पाहिलं, तर बहुतेक ठिकाणी हेच उत्तर पहिलं आलं. पण आपलीच म्हण काय सांगते? खोटं बोल, पण रेटून बोल. रेटून बोलणारा खाली बघून बोलत नसतो. तो तुमच्या डोळ्यांत डोळे घालून, वर "गळ्याशप्पथ" म्हणून बोलतो.

खाली बघणाऱ्यांचं काय होतं ते मी एकदा टाइप केलंय. जमिनीचा दिवाणी दावा होता. पिंजऱ्यात एक म्हातारी, डोक्यावरून पदर. वकिलानं आवाज चढवला की तिचं उत्तर पुटपुटल्यासारखं यायचं. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल न्यायाधीशांना शेरा लिहून ठेवता येतो, दिवाणी प्रक्रिया संहितेत तशी तरतूद आहे : ऑर्डर १८, नियम १२. साहेबांनी मला सांगितलं, लिहा, साक्षीदार प्रश्न विचारल्यावर खाली पाहते, उत्तर द्यायला वेळ लावते. मी लिहिलं. पुढं रजिस्ट्री ऑफिसातून जुन्या खरेदीखताची नक्कल आली, तर म्हातारीनं सांगितलेल्या चतुःसीमा तंतोतंत. साहेब माणूस वाईट नव्हते, बाहेरगावचेही नव्हते. पण ज्या बाईला जन्मभर 'वर तोंड करून बोलू नको' म्हणून वाढवलं, तिनं कोर्टात वर तोंड करावं अशी आपली अपेक्षा! भीतीची अन् लबाडीची लक्षणं सारखीच असतात : घाम येतो, घसा कोरडा पडतो, शब्द अडखळतो.

हेच त्या मशीनचं. पोलिसांकडं खोटं पकडायचं मशीन असतं ना, हा पुढचा प्रश्न ठरलेला. ते मशीन श्वास, नाडी, रक्तदाब अन् घाम मोजतं, खोटं मोजत नाही. माणसाच्या मर्जीविरुद्ध ते लावता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०१० साली सांगूनही टाकलंय.

अन् अनुभवी माणसाला तरी कितीसं कळतं? बाँड आणि डीपॉलो या दोन अमेरिकी संशोधकांनी २००६ साली अशा शेकडो प्रयोगांचे निकाल एकत्र केले. चोवीस हजारांवर माणसांनी खरं-खोटं ओळखायचा प्रयत्न केलेला. शंभरात ५४ वेळा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी पन्नास. त्यातही ज्यांना आवाज न ऐकवता नुसतं चित्र दाखवलं त्यांचं जास्त चुकलं. हे वाचलं तेव्हा मला माझ्या डाव्या अंगाचा पिंजरा आठवला.

कानाला काय कळतं, ते येळवसीच्या साक्षीवरनं सांगतो. बांधावरनं मारामारी झालेली. साक्षीदारानं सरतपासात, म्हणजे बोलावणाऱ्या बाजूच्याच वकिलानं विचारताना, घटना घडाघडा सांगितली : सकाळी दहा वाजता मी चौकातल्या हॉटेलात चहा पीत होतो, तेवढ्यात आरोपी कुऱ्हाड घेऊन जाताना दिसला. कुठं अडखळ नाही. उलटतपासाला उठलेला वकील वयस्कर होता, त्यानं कुऱ्हाडीचं नावच काढलं नाही.

"हॉटेलात अजून कोण होतं?"

"होती की धा-बारा माणसं."

"चहा कोणी दिला?"

"मालकानं."

"त्या दिवशी जेवायला काय केलं होतं घरी?"

टाइपरायटर थांबला, कारण उत्तरच येईना. ती तारीख मार्गशीर्ष अमावस्येची होती. वेळा अमावस्या, म्हणजेच येळवस. बाहेरच्यांना सांगायला पाहिजे : त्या दिवशी आमच्याकडं गाव गावात नसतंच. सगळे रानात, कडब्याच्या कोपीत पूजा, मग भज्जी, आंबील, खीर. हॉटेलवाला स्वतः बायकापोरं घेऊन रानात असतो. चहा पाजायला कोण बसलंय! त्याचं तोंड पडलं असेल, मला माहीत नाही. मी कागदाकडंच बघत होतो.

बनवलेली गोष्ट मधल्या रस्त्यानं पक्की असते, आडवाटेला तिथं काही नसतं. कुऱ्हाड किती लांब होती ते तो पाठ करून येतो, जेवायला काय होतं ते पाठ करायचं सुचत नाही. तसंच, शेवटाकडून मागं मागं सांगा म्हटलं की बनवणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. इंग्लंडच्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोग करून पाहिलंय. त्या वयस्कर वकिलाला असलं काही न वाचताच ते जमत होतं.

पण जरा चुकलं की खोटं, असंही धरू नका. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आम्ही सगळे एकाच घरात होतो. मी तीस वर्षं सांगतोय की आईला मी हाताला धरून बाहेर काढलं. धाकटा म्हणतो, आईच आधी अंगणात होती अन् तिनंच आम्हाला हाका मारल्या. दोघंही शपथेवर सांगू. उलट तीन साक्षीदारांनी शब्दाला शब्द सारखा सांगितला की मला तो कागद एकदाच टाइप करून दोन कार्बन घालावेत असं वाटायचं. आणि एक गोष्ट खोटी निघाली म्हणून सगळी साक्ष फेकून द्यायची, हेही आपल्या कोर्टात चालत नाही. दाणे अन् भुसा वेगळा करा, असं वरची कोर्टं सांगत आलीत.

आता जे सांगायचं टाळत होतो ते. माझा थोरला संभाजीनगरला शिकायला होता. दर पेपरला संध्याकाळी फोन यायचा, "बरा गेला, दादा." दोन सत्रं तो परीक्षेला बसलाच नव्हता. मला कळलं ते कॉलेजच्या पत्रावरून. फोनवर चेहरा नव्हता, नुसता आवाज होता, म्हणजे माझ्या सवयीचाच मामला. तरी चुकलो. कारण मी एकदाही विचारलं नाही, पहिला प्रश्न काय होता रे, बाजूला कोण बसलं होतं. 'बरा गेला' एवढं मला पुरत होतं. त्याहून जास्त विचारायची, खरं सांगायचं तर, हिंमत नव्हती.

म्हणून वहिनी, तुमची मला जास्त काळजी वाटते. तुम्ही फोटो दोनदा आणून दाखवलात अन् दोन्ही वेळा फ्लॅटच्या बाल्कनीवर बोट ठेवलंत.

मी येतो रविवारी. पगाराचं विचारणार नाही, ते त्याचं पाठ असणार. पाणी टँकरनं येतं का नळाला, वर्गणी कोण गोळा करतं, ऑफिसातनं निघाल्यावर पहिला सिग्नल कुठं लागतो, असलं काहीतरी विचारीन. पोहे खात खात. तो खाली बघून बोलला तर मला लगेच कोपरानं ढोसू नका. आपली पोरगीही त्या दिवशी खालीच बघणार आहे.