पन्नास हर्ट्झचा आठवडा

सोमवार

जानेवारीत लॅबमध्ये नवी मुलं रुजू होतात तेव्हा नाशिकची थंडी ओसरलेली नसते. निफाडचा पारा रोज पेपरात असतो. बायोमेडिकलच्या लॅबमध्ये या थंडीचा थेट संबंध कामाशी येतो. हवा कोरडी, कातडी उललेली, मग इलेक्ट्रोडचा (कातडीवर चिकटवायच्या जेलच्या चकतीचा) संपर्क खराब. पावसाळ्यात निमूट चालणारं ईसीजी सर्किट आता स्क्रीनवर नुसती जाड पट्टी दाखवतं. नव्या माणसाला वाटतं आयसी, म्हणजे सर्किटमधली चिप, उडाली. ती बहुतेक वेळा शाबूत असते.

येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, माझा टॉपिक काय?" पहिला महिनाभर तो विचारूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक चॅनेल ईसीजी स्वतः बांधून, एका माणसाची स्वच्छ रेघ मिळवून दाखवावी. तेवढ्यात कळतं की इथलं निम्मं संशोधन म्हणजे नको असलेला सिग्नल कुठून येतो याचा माग काढणं.

वही आजच सुरू करायची. बांधीव वही, पानांना आधीच आकडे, शाईचा पेन. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, व्हाइटनर नाही. प्रत्येक नोंदीत सर्किटची आवृत्ती, बॅटरीचे मोजलेले व्होल्ट, इलेक्ट्रोडचं पाकीट कधी उघडलं, दिवे चालू की बंद, लॅपटॉप चार्जरवर की बॅटरीवर. शेवटच्या दोन गोष्टी कुणीच लिहीत नाही, आणि महिन्याने दोन रेकॉर्डिंग वेगळी का आली हे शोधताना नेमक्या त्याच लागतात.

मंगळवार

सर्किटचा दिवस. ईसीजीचं मोठं शिखर साधारण १ मिलिव्होल्ट. हजारपट केलं की १ व्होल्ट. हे गणित सोपं वाटतं, म्हणून सगळे हजाराचा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा तो आकडा) पहिल्याच आयसीला देऊन मोकळे होतात. मग आउटपुट बॅटरीच्या व्होल्टेजला जाऊन चिकटतं ते हलत नाही.

कारण इलेक्ट्रोडमध्ये आहे. धातू आणि जेल जिथे भेटतात तिथे डीसी व्होल्टेज तयार होतं आणि दोन इलेक्ट्रोडचं कधीच सारखं नसतं. हा फरक ३०० मिलिव्होल्टपर्यंत जाईल असं धरूनच सर्किट बांधायचं असतं. पहिल्या टप्प्यातल्या एडी६२० या अँप्लिफायर आयसीला १०० चा गेन दिला तर या फरकाचेच ३० व्होल्ट होतात आणि आपल्याकडे आहेत ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. म्हणून पहिल्या टप्प्यात १०, बाकीचे १०० पुढच्या टप्प्यात. एडी६२० चं सूत्र सरळ आहे: ४९.४ किलोओहमला गेनच्या रेझिस्टरने भागायचं आणि १ मिळवायचा. दहासाठी ५.४९ किलोओहम, १ टक्क्याचा मेटल फिल्म. दुकानात ५.६ चाच मिळाला तर खुशाल लावा, गेन ९.८ येतो, वहीत तसा लिहा.

दोन टप्प्यांच्या मध्ये हाय-पास (संथ बदल अडवणारा फिल्टर): १ मायक्रोफॅरड आणि ३.३ मेगाओहम, म्हणजे सुमारे ०.०५ हर्ट्झ. डीसी इथे अडतो. या जागी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावू नका. त्यातून १ मायक्रोअँप जरी गळला तरी ३.३ मेगाओहमवर ३.३ व्होल्ट उभे राहतात आणि पुढचा टप्पा पुन्हा चिकटतो. पॉलिएस्टर फिल्मचा लावा. पुढचा ऑपअँपही (दुसऱ्या टप्प्याची अँप्लिफायर आयसी) बघून निवडा. एलएम३५८ स्वस्त आणि हाताशी असतो, पण त्याचा बायस करंट (इनपुटला स्वतःसाठी लागणारा करंट) दहावीस नॅनोअँपचा. तेवढ्यानेही ३० ते ६० मिलिव्होल्ट होतात आणि त्याचे पुढे शंभरपट. टीएल०७२ घातला की हा प्रश्नच उरत नाही, कारण त्याच्या इनपुटला फेट, म्हणजे जवळपास करंट न ओढणारे ट्रान्झिस्टर, आहेत. शेवटी १० किलोओहम आणि १०० नॅनोफॅरडचा लो-पास (वेगवान बदल अडवणारा फिल्टर), १५९ हर्ट्झचा.

याच हाय-पासमुळे इलेक्ट्रोड लावल्यावर रेघ जागेवर यायला पंधरा-सोळा सेकंद लागतात. तेवढा वेळ हात बांधून बसायचं. अर्धी मुलं त्या सोळा सेकंदांतच वायरी उपसून मोकळी होतात.

बुधवार

आजचा पूर्ण दिवस घरघरीचा, म्हणजे रेघेवर बसणाऱ्या नको असलेल्या सिग्नलचा. आधी स्क्रीनवर दोन लाटांमधलं अंतर मोजा. २० मिलिसेकंद असेल तर ती भिंतीतली वीज, ५० हर्ट्झ. १० असेल तर बहुधा रेक्टिफायर असलेला एखादा पॉवर सप्लाय. आणि रेघ केसाळ, कशीही वेडीवाकडी असेल तर ते स्नायू. सकाळी आठला गारठलेल्या खोलीत माणूस हाफ शर्टात बसवला की तो कुडकुडणारच, आणि ते कुडकुडणं ईसीजीवर बसणारच. फिल्टर शोधत बसण्यापेक्षा त्याच्या अंगावर शाल टाका, हात मांडीवर सैल ठेवायला सांगा.

५० हर्ट्झचा माग काढायचा क्रम ठरलेला आहे. तिन्ही लीडची (इलेक्ट्रोडच्या वायरींची) टोकं एकमेकांना जोडा. घरघर तशीच राहिली तर दोष बोर्डावर: ड्राय सोल्डर (नीट न धरलेला टाका), सुटलेला ग्राउंड, ब्रेडबोर्डची (सोल्डरशिवाय जोडणी करायच्या पाटीची) ढिली पट्टी. गेली, तर दोष माणसाच्या बाजूला आहे. मग लॅपटॉपचा चार्जर काढा. एक्स्टेन्शन बोर्ड टेबलावरून खाली, दूर ठेवा. जुन्या चोकची ट्यूब बंद करा. लीड एकमेकींभोवती पिळून घ्या, म्हणजे त्यांच्यातला मोकळा फास लहान होतो. एवढं करूनही राहिली तर उजव्या पायाचा इलेक्ट्रोड बघा. छातीवरचे दोन सगळे तीनतीनदा बदलतात, पायाकडे कुणी बघत नाही. शरीरावर आलेलं विजेचं व्होल्टेज त्याच इलेक्ट्रोडमधून उलटं ढकलून दाबलं जातं. तो सुकला की दाबणारं कुणी नाही.

इलेक्ट्रोड लावायची रीत अशी. गॉजला स्पिरिट लावून कातडी पाच-सहा वेळा घासायची, किंचित गुलाबी होईपर्यंत. मग स्पिरिट पूर्ण उडू द्यायचं. ओल्यावर गोंद धरत नाही. चिकटवताना दाब कडेला द्यायचा, मधोमध नाही. मध्ये दाबलं की जेल गोंदाखाली पसरतं आणि कड सुटते. उघडं पाकीट दोन घड्या घालून क्लिप लावून ठेवा. नाशिकच्या हिवाळ्यात उघडं राहिलेलं जेल बघता बघता कडक होतं. बोटाने दाबल्यावर ते रबरासारखं उसळलं, बोटाला ओल लागली नाही, तर इलेक्ट्रोड फेकून द्या.

नॉच फिल्टर, म्हणजे एकच ठरावीक फ्रीक्वेन्सी कापणारा, सर्वात शेवटी. तो घरघर काढतो हे खरं, पण मोठ्या शिखराच्या मागे बारीक थरथर सोडतो आणि नेमका एसटीचा भाग (शिखरानंतरचा सपाट तुकडा) बिघडवतो. ज्यांना फक्त ठोके मोजायचेत त्यांनी लावावा.

गुरुवार

ऑसिलोस्कोपच्या (सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राच्या) प्रोबची ग्राउंड क्लिप भिंतीच्या अर्थिंगला जोडलेली असते. माणसाला इलेक्ट्रोड लावलेले असताना ती क्लिप सर्किटला लावली की आपण त्या माणसाला अर्थ केलं. दुसरीकडे कुठे गळती असेल तर करंट त्याच्यातून जाईल. वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षेच्या आयईसी ६०६०१-१ या मानकात हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या उपकरणाला नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोअँप गळतीची मुभा आहे, शरीराला बाहेरून लागणाऱ्या बीएफ प्रकाराला १००. ब्रेडबोर्डावर हे कुणी मोजलेलं नसतं. म्हणून स्कोपवर बघायचं ते ईसीजी सिम्युलेटर (माणसाऐवजी तसाच सिग्नल देणारं यंत्र) जोडूनच. माणूस जोडायचा तेव्हा स्कोप काढलेला, सर्किट बॅटरीवर, लॅपटॉपही बॅटरीवर, मध्ये यूएसबी आयसोलेटर (दोघांमधला विजेचा थेट संबंध तोडणारा). यात सवलत नाही, "दोनच मिनिटं" ची सुद्धा.

कागदपत्रांचंही आजच. दिंडोरी रोडला म्हसरूळमध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, म्हणून इंजिनिअरिंगच्या मुलांना वाटतं की पेशंटचे रेकॉर्डिंग हाकेच्या अंतरावर आहेत. एथिक्स कमिटीच्या मंजुरीआधी एकही नाही. अर्जाला प्रोटोकॉल, सहभागीसाठी माहितीपत्रक आणि मराठीतलं संमतीपत्र लागतं. संमतीपत्र असं लिहा की ओझरहून आलेल्या आजोबांना एकदा वाचून दाखवल्यावर कळेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं विद्यार्थ्यांनाही दबावाखाली येऊ शकणारा गट मानतात, म्हणजे ज्युनियरला "बस रे जरा" म्हणून घेतलेली रेघ पेपरात वापरता येत नाही. कमिटी रोज भरत नाही. सर्किट तयार व्हायच्या आधीच अर्ज गेलेला बरा.

शुक्रवार

ठोक्यांवरून आजार ओळखणारं मॉडेल शिकवायला सॉफ्टवेअरवाले एमआयटी-बीआयएच या ईसीजी रेकॉर्डिंगच्या संग्रहाचा डेटा उतरवून घेतात: अर्ध्या तासाची ४८ रेकॉर्डिंग, ४७ माणसं, सेकंदाला ३६० नमुने. आकडा ३६० का? रेकॉर्डिंग बोस्टनची, तिथली वीज ६० हर्ट्झची, आणि ६० चा साधा डिजिटल नॉच बसवायला ३६० सोयीचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून नमुने ५००. त्या डेटासाठी लिहिलेला कोड इथल्या रेकॉर्डिंगवर जसाच्या तसा चालवला की नॉच भलत्याच जागी बसतो.

दुसरा घोळ मोठा आहे. सगळे ठोके एकत्र ओतून, पिसून, त्यातले वीस टक्के चाचणीला काढतात आणि अचूकता ९९ टक्के सांगतात. एकाच माणसाचे ठोके दोन्हीकडे गेले. मॉडेलने आजार नाही, माणूस ओळखला. विभागणी माणसागणिक हवी. तीही डोळे उघडे ठेवून: २०१ आणि २०२ क्रमांकाची ही दोन रेकॉर्डिंग एकाच माणसाची आहेत. १०२, १०४, १०७ आणि २१७ मध्ये पेसमेकर आहे, ती वगळतात. उरलेली ४४ बावीस-बावीस करून चाचणी घेतली की टक्के खाली येतात. तेच छापावेत.

शनिवार

खरेदीची यादी. एडी६२० लॅमिंग्टन रोडवरून, शक्यतो पंचवटी एक्स्प्रेसने कुणी मुंबईला जाणार असेल त्याच्याकडे सोपवून. पण फारच स्वस्त मिळाला तर तो पुन्हा छापलेला नकली असण्याचा धोका असतो, आणल्याबरोबर गेन मोजून बघायचा. धातूचे डबे सातपूर किंवा अंबडच्या वर्कशॉपमधून. फिल्म कपॅसिटर जादा आणायचे. जाताना बॅटऱ्या सर्किटमधून काढून ठेवायच्या, लीडच्या बटणांवरचं जेल ओल्या कापडाने पुसायचं. ते वाळून हिरवट चढलं की सोमवारी पुन्हा घरघर, आणि पुन्हा कुणीतरी आयसी बदलायला घेणार.