काठावरचा खड्डा

'गादीत खड्डा पडलाय' अशी तक्रार आली की मी पिशवीत दोन वस्तू टाकून निघतो. रिळाचा पक्का दोरा आणि स्टीलची पट्टी. चादर काढायची, दोरा या काठापासून त्या काठापर्यंत ताणून धरायचा आणि दोऱ्यापासून खाली किती उतरतंय ते पट्टीने मोजायचं. आम्ही ज्या कंपनीचा माल विकतो तिच्या वॉरंटी कार्डावर एक इंच लिहिलंय. त्याच्या आत भरलं तर तक्रार तिथंच संपते, आणि घरातल्या बाईचं तोंड उतरतं. त्यापुढचा चहा मग नकोसा होतो.

आमचं सांगलीत गाद्यांचं दुकान. मूळचे आम्ही पिंजारी. आजोबा खांद्यावर पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य, घेऊन दारोदार फिरायचे, त्याच्या तातेचा, म्हणजे दोरीचा, टंग टंग आवाज ऐकूनच बायका जुन्या गाद्या अंगणात आणून टाकायच्या. कापसाची गादी दोन-तीन वर्षांत दबते, ती उसवून, पिंजून, नव्या गादीपाटात भरून द्यायची. वडिलांनी काथ्या आणि फोम आणला, माझ्या काळात स्प्रिंग आणि मेमरी फोम आले. माल बदलला तरी गिऱ्हाईक बदललं नाही. अजूनही लोक गादी उभ्याउभ्या मुठीने दाबून बघतात, कलिंगड वाजवून बघावं तशी. मी म्हणतो, चपला काढा आणि झोपा. घरी जसे झोपता तसे, कुशीवर तर कुशीवर, दहा-पंधरा मिनिटं. लाजतात. चाळीस हजारांची वस्तू घेताना माणूस लाजतो, हे मला अजून कळलेलं नाही.

तर ही तक्रार विश्रामबागेतून आली होती. श्रावणातली सकाळ, भुरभुर पाऊस. निवृत्त शिक्षक, ऐंशीच्या आतबाहेर, आणि त्यांच्या पत्नी. गादी मुलाने चौदा महिन्यांपूर्वी पुण्याहून फोनवर घेतली होती. 'बाबांची कंबर दुखते, सगळ्यात कडक द्या, ऑर्थोपेडिक.' या शब्दाशी माझं रोजचं भांडण. फोमच्या कातरणाचे रंगीबेरंगी तुकडे डिंकाने दाबून केलेल्या लादीवरही तो छापलेला मी पाहिलाय. एका डॉक्टर गिऱ्हाइकाने मला एकदा लिहून दिलं होतं: स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ लोकांना कडक आणि मध्यम कडक अशा गाद्या वाटल्या, ९० दिवस बघितलं, आणि मध्यम कडकवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. 'लॅन्सेट' नावाचं डॉक्टरांचं नियतकालिक, २००३. तो कागद मी काउंटरच्या काचेखाली ठेवलाय. बारावी नापास माणसाच्या दुकानात लॅन्सेट! पण तो दाखवला की कडकवाले थोडे मऊ पडतात. त्या मुलालाही मी फोनवर हेच सांगून खाली चार इंच काथ्या आणि वर दोन इंच फोम अशी गादी दिली होती. म्हणजे खड्डा पडला असेल तर बोल मलाच लागणार होता.

दोरा ताणला. मधोमध सात-आठ मिलिमीटर. मी पट्टी फिरवून दाखवली.

"तिथं नव्हं हो," काकू म्हणाल्या. "इकडं, खिडकीकडं बघा."

खिडकीकडच्या काठावर पट्टी टेकवली तर तीस मिलिमीटर. जवळजवळ सव्वा इंच. दोन वीत रुंद खड्डा, पण अगदी कडेला, गादीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर. झोपणाऱ्या माणसाचा खड्डा असा पडत नाही. तो कंबरेशी आणि खांद्याशी पडतो, काठापासून आत. हा बसणाऱ्याचा होता. काथ्याचं असंच असतं, काठावर रोज भार पडला की त्याचे तंतू मोडतात, आणि मोडला काथ्या परत उठत नाही. पण सकाळी चपला घालायला पाच मिनिटं टेकणाऱ्याने एवढा मोडत नाही.

मग बाकीचं दिसायला लागलं. उशाला तीन उश्या, एकावर एक. पलंगासमोर प्लास्टिकचं स्टूल, त्यावर चौथी उशी, आणि तिच्या अभ्र्यावर दोन वाटीएवढे खळगे, शेजारी शेजारी. कोपरांचे. सर दारात उभे होते. पायात स्लीपर, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी पाऊल फुगून वर आलेलं. घोट्याच्या वर मोज्याच्या इलॅस्टिकची खाच, बोट बसेल एवढी.

"सर, रात्री बसून काढता का हो?"

ते हसले. "तुझ्या गादीची कृपा. या फोममधून काहीतरी वायू सुटतो. आडवं झालं की तासाभरात छातीवर कुणी बसल्यागत होतं. उठून बसलं की बरं वाटतं."

"कधीपासून?"

"चारेक महिने झाले असतील."

नव्या फोमला वास असतो हे खरं. पण तो खिडक्या उघड्या ठेवल्या तर काही दिवसांत जातो. चौदा महिन्यांच्या गादीला चार महिन्यांपूर्वी वास कुठून येणार? काकूंना यातलं अर्धंच ठाऊक. त्यांना पंखा सोसत नाही, त्या बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपतात. 'गादी मानवत नाही' एवढंच त्यांच्या कानावर होतं.

मला ते स्टूल बघवेना. माझ्या वडिलांनी शेवटच्या वर्षी स्वतःसाठी एक गादी भरून घेतली होती, उशाकडे कापूस जास्त, पायाकडे कमी, उतरती. आम्हाला कौतुक. म्हातारा कारागीर, अजून नवीन काहीतरी करतो म्हणून. पुढं त्यांनी आणखी कापूस घालायला लावला. मग आणखी. मिरजेच्या डॉक्टरांनी फुप्फुसात पाणी झाल्याचं आणि हृदय थकल्याचं सांगितलं तेव्हा बराच उशीर झाला होता. चार माणसं गाद्यांच्या धंद्यातली, आणि माणूस सपाट झोपू शकत नाही याचा अर्थ एकालाही लागला नव्हता.

"सर, मी डॉक्टर नाही," मी म्हटलं, "पण हा खड्डा गादीचा नाही. आज दुपारीच मिरजेला जाऊन या. हृदयाच्या डॉक्टरांकडं. आणि त्यांना हे स्टुलाचं नक्की सांगा."

सरांना राग आला. "आता गादीवाल्यांनी औषधं सांगायची राहिलीत. वॉरंटी द्यायची नाही म्हणून हे सगळं का?"

त्यांचंही चुकलं नाही. तक्रार टाळायला आमच्या धंद्यात लोक काय काय कारणं सांगतात ते मला माहीत आहे. मी गप्प बसलो, चहा घेतला, आणि फाटकाबाहेर येऊन मुलाला पुण्याला फोन लावला. त्याला आधी वाटलं मी गादीचंच बोलतोय. "तुम्ही कडक दिली असती तर..." असं त्याने सुरूही केलं. पायांच्या सुजेचं सांगितल्यावर तो थांबला.

दुसऱ्या दिवशी सरांना मिरजेत भरती केलं. हृदयाची पंपिंग कमी झाली होती, पाणी साठलं होतं. पाणी उतरायच्या गोळ्या, मीठ बंद, सहा दिवस मुक्काम. हे सगळं मुलाने नंतर फोनवर सांगितलं.

तक्रारीच्या फॉर्मवर 'कारण' असा रकाना असतो. तिथं मी 'काठावर सतत बसल्याने' असं लिहिलं, दुसरं काय लिहिणार? कंपनीने ती नामंजूर केली. कार्डाच्या मागे बारीक अक्षरात तसं आहेच.

महिन्याभराने काकूंचा फोन. "झोपतात हो आता. आडवे, दोन उश्यांवर. घोरतातसुद्धा. पण खड्डा आहे तो आहेच. गादी कधी बदलून देणार?"

मी नामंजुरीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि परत विचारलं, "मग कधी?"

शेवटी एका रविवारी पोराला घेऊन गेलो. फोम एकाच बाजूला असलेली ही गादी उलटता येत नाही, पण फिरवता येते. डोक्याकडची बाजू पायाकडे केली. खिडकीकडचा खड्डा भिंतीकडे गेला, जिथं कुणी बसत नाही. सर कॉटवर टेकले, मग पाय वर घेऊन आडवे झाले. मी सवयीने त्यांच्या कंबरेखाली तळहात सरकवून बघितला. अलगद गेला, फट राहिली नाही.

स्टूल खोलीत दिसलं नाही. काकूंनी त्यावर तुळशीची कुंडी ठेवली होती, मागच्या अंगणात.

निघताना त्यांनी मला थांबवलं. "खड्डा भिंतीकडं आहे, असं कागदावर लिहून द्या. पोरगा विचारेल."

मी पावतीच्या मागे लिहून दिलं, तारीख घातली आणि सही केली.