मलकालच्या काळ्या मातीवर: शांतिसेनेच्या छावणीतलं सुतारकाम

दक्षिण सुदानमधलं मलकाल पांढऱ्या नाईलच्या पूर्व काठावर आहे. सोबात नदी नाईलला मिळते तिथून थोडं खाली. २०११ साली हा देश स्वतंत्र झाला, तेव्हाच संयुक्त राष्ट्रांचं अनमिस हे मिशन सुरू झालं. मलकालच्या तळावर भारतीय सैन्याची बटालियन आणि अभियंता तुकडी असते. घरून फोन आला की पहिला प्रश्न असतो, तिथे गोळीबार होतो का? होतो कधी कधी. पण छावणीतल्या सुताराला रोजचा दिवस काढावा लागतो तो मातीशी झगडण्यात.

सैन्यात सुतार लागतोच कशाला, हाही प्रश्न येतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीप्रमाणे तुकडीने पहिले सहा महिने स्वतःच्या तंबूंत राहायची तयारी ठेवायची असते. पक्का निवारा त्यानंतर मिशनने द्यायचा. किरकोळ दुरुस्त्या आणि हलकं बांधकाम मात्र ‘मायनर इंजिनिअरिंग’ या सदराखाली तुकडीनेच करायचं. म्हणजे दार, खिडकी, फळी, कपाट, पायवाटेवरच्या लाकडी जाळ्या, पहाऱ्याचा मोर्चा (वाळूच्या पोत्यांचं ठाणं), स्वयंपाकघराची शेड, सगळं जवानच करतात. हत्यारंही तुकडीचीच. तिथे वेळेवर चांगली पटाशी मिळेल या भरवशावर कुणी राहत नाही.

विदर्भ-मराठवाड्यात ज्यांनी घर बांधलं आहे त्यांना ही माती वेगळी सांगायला नको. तीच काळी चिकणमाती, पाणी पिऊन फुगणारी, उन्हात भेगाळणारी. फरक एवढाच की मलकालच्या आसपास मैलोन्‌मैल सपाटी आहे, दगड नाही आणि मुरूम लांबून आणावा लागतो. पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर. एकदा तो लागला की ट्रकची चाकं आसापर्यंत रुततात आणि रस्ता महिनोन्‌महिने बंद राहतो. जड सामान केनियातल्या मोंबासा बंदरात उतरतं, युगांडातून सीमेवरच्या निमुले नाक्यावरून राजधानी जुबाला येतं आणि तिथून नाईलमधल्या बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू नावेवर चढतं. म्हणून मुरूम, सिमेंट, पत्रे, लाकूड हे सगळं एप्रिलअखेर छावणीत पोचलेलंच हवं. मे महिन्यात ‘दोन पेट्या खिळे कमी पडले’ असं म्हणून काही होत नाही.

पाया घेताना पहिला मोह होतो तो खणण्याचा. दोन फूट काळी माती काढू, मुरूम भरू, वर ठोकून घेऊ. या मातीत तसं केलं की जमिनीत हौद तयार होतो. आजूबाजूची चिकणमाती पाणी सोडत नाही, मुरमातून मात्र ते सहज आत उतरतं. पावसाचं पाणी त्या हौदात साचून राहतं आणि तळची माती महिनाभर फुगत राहते. तेव्हा खणायचं नाही, वर चढवायचं. गवत आणि मुळांचा वरचा चारपाच इंचांचा थर खरवडून काढावा आणि त्यावर ४५० ते ६०० मिमी उंच मुरमाचा ओटा चढवावा. एका वेळी १५० मिमीचाच थर टाकावा. मुरूम मुठीत दाबला की गोळा व्हावा, बोटांना पाणी लागू नये, एवढाच ओला ठेवून रोलर फिरवावा. घाईत ३०० मिमीचा थर टाकला तर वरचा अर्धा दबतो, खालचा पोकळ राहतो, आणि पहिल्या पावसात तो आपोआप बसतो. ओटा खोलीपेक्षा चहूबाजूंनी निदान एक मीटर मोठा हवा, कडेला उतार हवा, आणि चर ओट्यापासून लांब हवा. ओट्याला चिकटून चर काढला तर पाणी नेमकं नको तिथे मुरतं.

मातीची चाल ओळखून ठेवावी. पावसाळ्यात ओलावा आधी कडांना पोचतो, म्हणून कडा वर येतात आणि मधला भाग खाली राहतो. उन्हाळ्यात कडा आधी वाळून खाली बसतात आणि मधे कुबड दिसतं. सलग काँक्रीटची पातळ फरशी टाकली तर ती वर्षभरात याच रेषांवर तडकते. लाकडी खोलीचं मोल इथे कळतं, कारण ती पुन्हा सरळ करता येते.

आता १६ फूट रुंद, ३२ फूट लांब अशी आठ-दहा जणांची खोली घेऊ. लांबीच्या दिशेने तुळयांच्या तीन ओळी येतात, दोन कडांना आणि एक मधे. दर चार फुटांवर आधार घेतला की एका ओळीत नऊ, म्हणजे एकूण २७ टेकू. कडेच्या टेकूंखाली ४५० मिमी चौरस, १०० मिमी जाड काँक्रीटची लादी पुरते. तिचं वजन पन्नासेक किलो, दोघे उचलतात. मधल्या ओळीवर कडेच्या दुप्पट भार येतो, तेव्हा तिथे ६०० मिमीची लादी लागते, आणि तिला चौघे लागतात. आखणी झाल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही ३५ फूट सव्वानऊ इंचांच्या किंचित वर आले पाहिजेत. तिथे अर्धा इंच सोडून दिला तर छपराच्या शेवटच्या पत्र्याला तो दामदुपटीने वसूल होतो.

टेकू आणि तुळई यांच्यामध्ये पाचरांची जोडी बसवायची. कठीण लाकडाच्या, फूटभर लांब, एकमेकींसमोरून ठोकलेल्या दोन पाचरा. एक आत ठोकली की तुळई वर येते, सैल केली की खाली बसते. पाचरा सरकू नयेत म्हणून बाजूला छोटी पट्टी मारतात. तिचा खिळा पूर्ण ठोकायचा नाही, डोकं पाव इंच बाहेर ठेवायचं, म्हणजे सहा महिन्यांनी तो जांबुराने उपटता येतो. खरं सांगायचं तर अख्ख्या खोलीत सगळ्यांत कामाची गोष्ट हीच. बाकी लाकूडकाम कितीही देखणं असलं तरी पाचरा नसतील तर दुसऱ्या पावसाळ्यात ते पिळवटणारच.

तुळयांवर आडव्या कड्या, म्हणजे फरशी पेलणारी लाकडं येतात, दर १६ इंचांवर एक. ३२ फुटांत २५. सोळाच इंच का, तर प्लायची ८ फुटी शीट त्या मापाने बरोबर सहा भागांत विभागते आणि शीटचा जोड कडीच्या मधोमध पडतो. कड्या ६ इंच बाय २ इंच मापाच्या. युगांडातून येणारं लाकूड बहुधा १२ फुटी असतं, खोली मात्र १६ फूट रुंद. मग ८ फुटांचे ५० तुकडे कापून मधल्या तुळईवर जोडावे लागतात. नवा माणूस ते एकमेकांना चिकटवून, बाजूबाजूने ठेवतो, कारण ते सोपं असतं. पण मग खोलीच्या एका अर्ध्यातल्या कड्या दुसऱ्या अर्ध्याच्या तुलनेत दोन इंच सरकतात, प्लायचा जोड अधांतरी येतो आणि पाय पडला की फळी खाली दबते. तुकडे टोकाला टोक लावून ठेवावेत आणि दोन्ही बाजूंनी प्लायचे हातभर तुकडे मारून जोड बांधावा. त्यासाठी तुळई दुहेरी, म्हणजे चार इंच रुंद हवी, तरच प्रत्येक टोकाला दोन इंच बूड मिळतं. उरलेले ४ फुटी तुकडे जाळायला द्यायचे नाहीत. एका तुकड्यातून कड्यांमधले १४ इंची अडसर तीन निघतात. प्लायच्या लांब कडांखाली असे ७२ अडसर लागतात, म्हणजे २४ तुकड्यांत ते भागतं. बाकीच्यांच्या पाचरा आणि पट्ट्या होतात.

वर १८ मिमीच्या १६ शीट. जोड एका रेषेत न आणता वीटकामासारखे फिरवावेत, दोन शीटमध्ये ३ मिमी फट ठेवावी. कडेला दर सहा इंचांवर स्क्रू, मधल्या कड्यांवर दर फुटाला. एकूण हजारभर स्क्रू जातात. खिळ्यांवर भागवलं तर कोरड्या हंगामात लाकूड आकसतं, खिळा सैल होतो आणि फरशी रात्रभर कुरकुरते. प्लाय पाण्याला टिकणारं, बीडब्ल्यूपी प्रतीचं घ्यावं. साधं प्लाय खालच्या दमटपणाने वर्षात पापुद्रे सोडतं.

लाकूड आल्या आल्या वापरायचं नाही, हे सांगून सांगून दमायला होतं. पाइन ओलं येतं, निलगिरी त्याहून ओली. दर दोन फुटांवर इंचभर जाडीच्या पट्ट्या घालून, सावलीत, वर वजन ठेवून ते रचून ठेवावं आणि टोकांना रंग फासावा, कारण टोकाकडून लाकूड आधी सुकतं आणि तिथूनच चिरतं. निलगिरीला सरळ खिळा मारला की ती फाटते. आधी बारीक भोक पाडावं, किंवा निदान खिळ्याचं टोक हातोडीने बोथट करावं.

वाळवीचं काय? ती असतेच. टेकूच्या डोक्यावर पत्र्याची टोपी बसवायची, कडा दोन इंच बाहेर काढून ४५ अंशांत खाली वाकवायच्या. टोपीने वाळवी मरत नाही. तिला मातीची नळी टोपीला वळसा घालून उघड्यावर बांधावी लागते आणि ती माणसाला दिसते, एवढाच उपयोग, पण तो मोठा आहे. त्यासाठी फरशीखाली दीड फूट मोकळी जागा हवी आणि दर आठवड्याला कुणीतरी टॉर्च घेऊन आडवं पडून बघायला हवं. नळी दिसली की खरवडायची आणि बुडाशी औषध मारायचं. वापरलेलं इंजिन ऑइल खांबांना फासण्याची जुनी सवय पुष्कळांना असते. ते जमिनीत झिरपतं आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण नियमांत बसत नाही. शिवाय पावसाने धुऊन निघतं.

छपराला १५ अंशांचा तरी उतार द्यावा. पत्र्याचा खिळा पन्हळीच्या उंच भागावर, खोलगटात कधीच नाही. बाजूचा चढाव दीड पन्हळीचा, उभा १५० मिमीचा. पावसाआधी येणारी वावटळ नुसता पत्रा क्वचितच नेते. पत्र्यासकट खालची पट्टी उपटून नेते, कारण पट्टीचा खिळा वाऱ्याच्याच दिशेने, सरळ वर ओढला जातो. म्हणून पट्टी वाशाला, वासा भिंतीच्या पाटाला (भिंतीवरच्या आडव्या लाकडाला) आणि पाट खांबाला लोखंडी पट्टीने बांधावा. तिचे खिळे बाजूने मारलेले असतात, ते उपटत नाहीत, त्यांना कापूनच काढावं लागतं. पागोळ्या ओट्यावर पडू नयेत म्हणून छप्पर दोन फूट बाहेर काढावं.

पहाऱ्याच्या मोर्चाचं छत हा सगळ्यांत जोखमीचा भाग. अडीच मीटर चौरस छतावर ४५० मिमी वाळूची पोती रचली तर कोरडं वजन साडेचार टन होतं, भिजल्यावर सव्वापाच टनांच्या पुढे जातं. हा भार पोत्यांच्या भिंतीवर टाकायचा नाही. भिंत बसते, एका बाजूला जास्त बसते, आणि छत तिरपं होतं. आतून स्वतंत्र खांब, खाली आडवा पाट, वर तुळया, मग प्लाय, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर पोती आणि शेवटी पुन्हा उतार दिलेलं प्लॅस्टिक, हा क्रम चुकवू नये. तणाव वाढला की कुणीतरी ‘अजून एक थर टाका’ म्हणतं. खांब-तुळया मोजल्याशिवाय तो थर टाकू द्यायचा नाही, मग सांगणारा कुणीही असो. तुळई मधे वाकलेली दिसली की आधी माणसं बाहेर, मग आधार. पोत्यांचं कापड उन्हाने काही महिन्यांत पिठूळ होतं, तेही हात लावून तपासावं.

छावणीभोवतीच्या संरक्षक भिंतीसाठी लावलेल्या हेस्कोच्या जाळीदार पेट्यांतही काळी माती भरायचा मोह आवरावा. मिल-१ या मापाच्या पेट्यांची १० मीटरची रांग १.३७ मीटर उंच आणि १.०६ मीटर रुंद असते, तिला साडेचौदा घनमीटर भर लागते. काळी माती भरली की पावसात पेटीचं पोट फुगतं, उन्हाळ्यात आत पोकळी राहते. एक पेटी काठोकाठ भरून मग दुसरी, असंही करू नये. सगळ्या थोड्या थोड्या, थराथराने भराव्यात. गंमत अशी की हीच माती बांधाला चांगली. २०२१ पासूनच्या पुरात उत्तरेकडच्या बेंटियू शहरातली छावणी चहूबाजूंनी पाण्यात गेली, तेव्हा पाकिस्तानी अभियंत्यांनी मातीचेच बांध घालून ती राखली. ओली असेतोवर ती पाणी अडवते, वाळली की भेगा बुजवत बसावं लागतं.

दार अडकायला लागलं की सुतार रंधा काढतो. थांबावं. पावसाळ्यात तासलेलं दार उन्हाळ्यात बोटभर फट दाखवतं आणि त्या फटीतून मलकालची सगळी धूळ आत येते. आधी पाणीनळी घेऊन २७ टेकूंची पातळी बघावी. शेजारच्या दोन टेकूंत १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पाचरा ठोकाव्यात, दार बहुतेक वेळा आपोआप सुटतं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी खोटी दाखवते, म्हणून ती भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी जुळतंय का ते पाहावं. हे काम वर्षातून दोनदा, पाऊस संपल्यावर आणि पाऊस लागण्याआधी.

तुकडी बदलते तेव्हा हे सगळं कागदावर द्यावं लागतं. प्रत्येक टेकूवर रंगाने आकडा, शेजारी शेवटची पातळी आणि तारीख, पाचरांची एक भरलेली पेटी, आणि एक सूचना ठळक अक्षरांत: सापांच्या भीतीने फरशीखालची मोकळी जागा प्लायने बंद करू नका, वारा थांबतो आणि वाळवी दिसत नाही. बारीक जाळी लावा, आणि ती बिजागरीवर बसवा.