लेगसी ॲडमिशन आणि 'आता कुठे आपली पाळी आली' हा मुद्दा

अमेरिकेतल्या कॉलेज ॲडमिशनमधली लेगसी, म्हणजे आई-बाप त्याच कॉलेजात शिकले असतील तर मुलाला मिळणारं झुकतं माप, बंद करा असं म्हटलं की हल्ली इथल्या आपल्याच भारतीय लोकांकडून एक उत्तर हमखास येतं, की इतकी वर्षं श्रीमंत गोऱ्यांच्या मुलांनी फायदा घेतला, आता कुठे आपली पोरं हार्वर्ड-येलमधून शिकून स्वतः आई-बाप व्हायला लागलीत, आणि नेमकं आत्ताच बंद करायचं होय? त्यामागचा राग मला कळतो, खरंच कळतो. पण मुद्दा अजिबात पटत नाही.

ही पद्धत आली कुठून ते बघा ना. १९२० च्या सुमारास हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थी जवळपास पाचवा हिस्सा झाले होते, बरीचशी स्थलांतरितांची मुलं, अभ्यासात पक्की. नुसत्या परीक्षेवर त्यांना अडवता येईना, मग या मोठ्या कॉलेजांनी मुलाचं 'कॅरेक्टर' बघायला सुरुवात केली, मुलाखती आल्या, फोटो मागवले जाऊ लागले, आणि बाप इथेच शिकलाय का हेही बघितलं जाऊ लागलं. म्हणजे नव्याने देशात आलेल्यांच्या मुलांना बाहेर ठेवण्याच्या खटाटोपात हे रुजलं, आणि आज आपण, नव्याने आलेल्यांचीच पुढची पिढी, ते टिकवा म्हणतोय!

दुसरं उत्तर म्हणजे 'लेगसी मुलं तशीही हुशारच असतात, घरात शिक्षणाचं वातावरण असतं'. असतात की, कोण नाही म्हणतंय. पण ॲडमिशनमध्ये वंश बघण्यावरून हार्वर्डवर झालेल्या खटल्यात जे आकडे बाहेर आले त्यात लेगसी मुलांपैकी साधारण ३३ टक्क्यांना प्रवेश मिळत होता आणि बाकीच्यांपैकी ६ टक्क्यांच्या आसपास, एवढा फरक काय नुसत्या वातावरणाने पडतो? यावर अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२३ चा अभ्यास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यांनी अगदी सरळ गोष्ट तपासली. हाच मुलगा, हेच मार्क, हाच अर्ज, पण आई-वडील जिथे शिकले नाहीत अशा तेवढ्याच नावाजलेल्या कॉलेजात गेला तर काय होतं? तर तो फायदा जवळजवळ नाहीसा होतो. मुलगा एका कॉलेजच्या दारात हुशार आणि दुसऱ्याच्या दारात बेताचा असं तर होत नाही ना, मग जादा वजन कशाला मिळालं ते उघड आहे. त्यातही सर्वात श्रीमंत १ टक्का घरांतल्या लेगसी मुलांना तशीच गुणवत्ता असलेल्या सर्वसाधारण अर्जदाराच्या पाचपट संधी. ज्यांच्याकडे ट्यूटर, महागडी शाळा, काउन्सेलर सगळं आधीच आहे त्यांनाच वरून आणखी.

'प्रायव्हेट कॉलेज आहे, त्यांची मर्जी' हेही ऐकते मी. पण ही कॉलेजं टॅक्सची सूट घेतात, त्यांना देणगी देणाऱ्याला टॅक्समध्ये वजावट मिळते, संशोधनाला सरकारी पैसा येतो, मग लोकांनी प्रश्न विचारायचाच नाही का. आणि देणग्या आटतील म्हणाल तर एमआयटी आणि कॅलटेक लेगसी बघत नाहीत, त्यांचं काही अडलं नाही. जॉन्स हॉपकिन्सने २०१४ मध्ये गाजावाजा न करता बंद केलं, २०२० मध्ये जाहीर सांगितलं, आणि २०१८ मध्ये त्यांच्याच माजी विद्यार्थ्याने, मायकेल ब्लूमबर्ग यांनी, १.८ अब्ज डॉलर दिले, तेही गरजू मुलांच्या फीसाठी.

आता परत 'आपली पोरं'. कोणाची आपली? आपल्यातले कितीतरी जण इंजिनिअरिंग भारतात करून इकडे एमएसला आले, कुठल्या तरी स्टेट युनिव्हर्सिटीत, त्यांच्या मुलांना कसली आलीय लेगसी. मोटेलच्या काउंटरवर रात्रपाळी करणाऱ्यांची, टॅक्सी चालवणाऱ्यांची मुलं तर आपण मोजतच नाही या वादात, याचं मला फार वाईट वाटतं. फायदा होणार तो आधीच पोहोचलेल्या थोड्या घरांना, आणि जागा जाणार ती बहुधा असल्याच एखाद्या मुलीची, जिच्या घरात अजून कोणीच कॉलेजात गेलं नाही.

जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ॲडमिशनमध्ये वंशाचा विचार करायला बंदी घातली, पण बाप कुठे शिकला याचा विचार चालूच राहिला, हे तर मला आजही पचत नाही. निदान राज्यं हलायला लागलीत, कोलोरॅडोने २०२१ मध्ये सरकारी कॉलेजांपुरतं बंद केलं, मेरीलँड आणि कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये प्रायव्हेटलाही लागू होईल असा कायदा केला. त्यावर स्टॅनफर्डने काय केलं, तर हा कायदा लागू होऊ नये म्हणून राज्याची कॅल ग्रँट (कॅलिफोर्निया सरकार गरजू विद्यार्थ्यांना देतं ती मदत) सोडली, ती मदत आपण स्वतःच्या पैशातून भरून देऊ म्हणाले, आणि लेगसी ठेवली. तिथे शिकलेल्या आपल्या लोकांनी यावर कॉलेजला पत्र लिहावं असं मला मनापासून वाटतं, आणि स्वतःची मुलं अर्ज करायच्या आधी लिहावं.