काट्यावरचे किलो कोणाचे?

ऑस्ट्रेलियात गाईगुरांची विक्री झाली की प्रत्येक जनावरामागे ५ डॉलरची लेव्ही, म्हणजे उद्योगासाठीची सक्तीची वर्गणी, कापली जाते, आणि तेच जनावर तीनदा हात बदलले तर ती तीनदा कापली जाते. त्यातला बराचसा पैसा बीफच्या प्रचाराला जातो. संशोधनाच्या वाट्याला एक डॉलरही पुरता येत नाही, मात्र त्यावर केंद्र सरकार तेवढीच भर घालते. या पैशातून चालणाऱ्या प्रकल्पांमुळे पशुपालकांच्या पदरात नेमके काय पडले, हे तपासणे हा माझा व्यवसाय आहे. (गावाकडे कोणी विचारले तर मी ‘पशुधनाचे हिशेब’ एवढेच सांगतो.)

मध्य क्वीन्सलंडमधील बिलोएला परिसरातला एक प्रात्यक्षिक प्रकल्प माझ्याकडे अंतिम मूल्यमापनासाठी आला होता. विषय होता सुबाभूळ. आपल्याकडे बांधावर वाढवून शेळ्यांना तोडून घालतात ती ही सुबाभूळ तिथे मशागत केलेल्या जमिनीत ओळींनी पेरतात, ओळींमधल्या रुंद पट्ट्यांत गवत ठेवतात आणि गुरे थेट आत चरायला सोडतात. तिच्या पाल्यातले मिमोसिन हे विषारी द्रव्य गुरांना बाधते. हवाईतील शेळ्यांना ते बाधत नाही हे शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी हेरले, आणि त्या शेळ्यांच्या पोटातले, हे विष निकामी करणारे जिवाणू गुरांसाठी १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात आणले गेले. लागवड जमली की तीस वर्षे टिकते, पण जमेपर्यंत तण आणि अवर्षण पिच्छा सोडत नाहीत.

अहवालाच्या मसुद्यात २०१९ आणि २०२२ ची वजनवाढ शेजारी शेजारी मांडून सगळा फरक सुबाभळीच्या नावावर जमा केला होता. २०१९ हे ऑस्ट्रेलियाच्या नोंदींतले सर्वांत कोरडे वर्ष. त्यानंतर सलग तीन हंगाम ला निना, म्हणजे तिथे जास्त पाऊस आणणारी हवामानाची स्थिती होती आणि नुसत्या गवतावरची गुरेही अंग धरत होती. सहभागी शेतांपैकी एकाच ठिकाणी सुबाभळीतला आणि निव्वळ बफेल गवतावरचा असे दोन कळप एकाच वेळी राखले होते, म्हणून त्यांच्या वजनाच्या दिवशी मी तिथे जाऊन उभा राहिलो.

एकेक गोऱ्हा खोड्यात शिरत होता, कानातला बिल्ला वाचणारी कांडी जवळ नेली की ती वाजत होती आणि काट्यावरचा आकडा वरखाली होत स्थिरावत होता. गवतावरचे कुरण दूर असल्यामुळे तो कळप आदल्या संध्याकाळीच कोंडवाड्यात आणून ठेवला होता. सुबाभळीतला कळप मात्र सकाळी पोटभर पाणी पिऊन थेट काट्यावर आला होता. रात्रभर चाऱ्यापाण्यावाचून उभ्या असलेल्या मोठ्या जनावराचे वजन सहज पंधरा-वीस किलोंनी घटते, आणि ती घट मांसाची नसते. मालकाला विचारले तेव्हा तो सहजपणे म्हणाला, “नेहमी असंच करतो, सोयीचं पडतं.” सुरुवातीला हे सगळे गोऱ्हे एकाच कळपातले होते आणि त्यांचे वजन एकदमच झाले होते, त्यामुळे हा फरक वजाबाकीत निघूनही जात नव्हता. पुढे दोन्ही कळप काही दिवस एकाच कुरणात चारून, दोन्ही रात्रभर कोंडून पुन्हा वजने घेतली, तेव्हा सुबाभळीची आघाडी कमी झाली, पण राहिली.

दुपारी शेडमध्ये जमलेल्या प्रत्येकाला मी विचारले की हा प्रकल्प नसता तर तुम्ही काय केले असते. ज्याची छायाचित्रे अहवालात पानोपानी होती तो उमेदीचा शेतकरी म्हणाला, “माझ्या पहिल्या ओळी आधीच्याच आहेत, स्वतःच्या पैशाने लावलेल्या.” त्याच्या त्या ओळींचा लाभ मी प्रकल्पाच्या खात्यात शून्य धरला. मागच्या बाकावर एक शेजारीण बसली होती. ती सहभागींच्या यादीतही नव्हती. तिची जुनी लागवड तणाने गिळली होती. जमीन आधी एक हंगाम पड ठेवून तण मारायचे, ओल साठवायची आणि मगच पेरायचे, हे ती इथल्या शिवारफेरीत पाहून गेली होती. “लावली असतीच मी, पण आणखी पाच-सात वर्षांनी,” ती म्हणाली. माझ्या हिशेबात या प्रकल्पाची खरी कमाई म्हणजे ही अलीकडे ओढलेली पाच-सात वर्षे, आणि अहवालाच्या ठरावीक तक्त्यांत नेमका त्यांच्यासाठीच रकाना नसतो.

भावाचा प्रश्न चटकन सुटला. तरुण गुरांचा निर्देशांक २०२२ च्या सुरुवातीला किलोमागे १,१०० सेंटच्या पुढे होता आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ४०० च्या खाली आला. मसुद्यात अर्थातच पहिला आकडा होता. मी दीर्घ काळाची सरासरी घेतली. लाभ-व्यय गुणोत्तर, म्हणजे खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागचा लाभ, मसुद्याच्या निम्म्याहूनही खाली आले, तरी एकाच्या वर राहिले.

समितीत बसलेल्या पशुपालकांनी ते फारशी खळखळ न करता स्वीकारले. त्यांची हरकत निराळीच होती: पुढच्या प्रकल्पात प्रत्येक शेतावर तुलनेसाठी गवतावरचा कळप राखायचा, तर त्याचा खर्च कोणी सोसायचा? बऱ्याच चर्चेनंतर दोन शेतांपुरती तरतूद झाली. वजनाआधी सगळी गुरे रात्रभर कोंडण्याचा नियम मात्र सर्वांना लागू झाला, कारण त्याला पैसा लागत नव्हता.