आभाचा ओटीपी, ऊसतोडीच्या मावशी आणि वीस रुपये

बीडच्या केज तालुक्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलात मी रिसेप्शन आणि कॉम्प्युटर दोन्ही बघते. बारा बेडचं हॉस्पिटल, सर एकटेच, दोन सिस्टर, एक मामा आणि मी. सकाळी शटर उघडायच्या आधी ओट्यावर पंधरा-वीस जण येऊन बसलेले असतात, जास्त करून बायका आणि म्हातारी माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात एक कॅरीबॅग. त्यात घड्या पडून फाटत आलेल्या चिठ्ठ्या, लातूरची सोनोग्राफी, अंबाजोगाईचा डिस्चार्ज पेपर, कुठल्यातरी मेडिकलचं बिल ज्याच्यावरची शाई पार उडून गेलीय. त्या पिशव्या उलट्या करून तारखेप्रमाणं कागद लावायचं काम माझं. म्हणून डिजिटल रेकॉर्ड ठेवणाऱ्या दवाखान्यांना सरकार पैसे देणार हे कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झालता, आणि आजपण ती योजना वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण पैसे नेमके कशाचे मिळतात ते बघितल्यापासून एक गोष्ट टोचतीय, ती लिहायलाच बसलेय.

आधी योजना सांगते. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. त्यात प्रत्येकाला १४ आकडी आभा नंबर मिळतो आणि दवाखान्यातली चिठ्ठी, लॅबचा रिपोर्ट, डिस्चार्ज पेपर त्या नंबरला जोडता येतो. आता दवाखाने हे कशाला करतील, त्यांना वेळ कुठंय, म्हणून राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणानं १ जानेवारी २०२३ पासून डिजिटल हेल्थ इन्सेंटिव्ह स्कीम आणली. जेवढी रेकॉर्ड आभाला जोडाल त्या हिशोबानं हॉस्पिटलला, लॅबला आणि सॉफ्टवेअर कंपनीलाही पैसे, आणि जास्तीत जास्त ४ कोटीपर्यंत मिळू शकतात असं तेव्हा जाहीर केलतं. हॉस्पिटलसाठी दर बेडमागं महिन्याला ५० रेकॉर्ड ही खालची रेघ तेव्हा ठरली, तिच्या वर जे जोडलं जाईल त्याचे प्रत्येकी २० रुपये.

आमचे बारा बेड, म्हणजे महिन्याला ६०० रेकॉर्डपर्यंत काहीच नाही. रोजचे तीसेक पेशंट धरा, महिन्याचे पंचवीस दिवस, झाले साडेसातशे. एकूणएक पेशंटचं आभा निघालं आणि एकूणएक चिठ्ठी चढली तर वरचे दीडशे गुणिले वीस, तीन हजार रुपये. आणि एकूणएक कधीच होत नाही, निम्मे झाले तरी खूप, म्हणजे हातात शून्य. सर हातानं लिहितात, त्याचा फोटो काढून पीडीएफ करायचं, पेशंटला जोडायचं, दुपारची जेवायची वेळ त्यातच जाते. मोठ्या शहरातल्या मोठ्या लॅबला हे परवडतं कारण तिथं सगळं आधीच कॉम्प्युटरवर असतं, फक्त जोडायचं राहिलेलं असतं. जिथं सगळं कागदावर आहे तिथंच हे पैसे पोचत नाहीत.

पण मला टोचतंय ते पैशापेक्षा वेगळं.

मागच्या मार्चच्या शेवटी, साखर कारखान्यांचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, ऊसतोडीच्या टोळ्या परत यायला लागल्यावर, एक मावशी आल्या. साठीच्या आसपास, नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी, दरवर्षी दसरा-दिवाळीला जातात ते थेट बेळगावकडं. डोकं दुखतंय, गरगरतंय म्हणत होत्या. सिस्टरनी बीपी बघितलं तर १९० वर ११०. गोळी चालू आहे का म्हणलं तर पदराच्या गाठीतनं गोळ्यांच्या पाकिटाचा एक तुकडा काढला, बोटाच्या पेराएवढा, नाव कापून गेलेलं, नुसती मागची चंदेरी पट्टी. "तिकडच्या दवाखान्यात दिल्ती लेकी, बारकी पांढरी गोळी व्हती, संपली मग ऱ्हायली." किती दिवस झाले? "संक्रांतीपसून आसंल."

आणि त्यांची कोणती गोळी चालू होती, किती पॉवरची होती, ते सगळं आमच्या कॉम्प्युटरमध्ये होतं! आदल्या वर्षी आमच्याकडंच चार वेळा आल्या होत्या. पण आभा निघालं नव्हतं, कारण आधारला लावलेला मोबाईल नंबर नवऱ्याच्या जुन्या सिमचा, ते सिम रिचार्ज संपल्यावर फेकून दिलेलं, ओटीपी कुठं जातोय देवाला माहीत. मी तेव्हा दोनदा ट्राय केलं, मागं लाईन होती, सोडून दिलं. ते सोडून दिलेलं मला अजून लागतं. तिकडच्या डॉक्टरला आमची चिठ्ठी दिसली असती तर दोन महिने गोळीत खंड पडला नसता असं मला वाटतं, निदान त्या बाईला आपल्या आजाराचं नाव तरी तिकडं सांगता आलं असतं.

आपल्या बीडची माणसं अर्धं वर्ष इथं आणि अर्धं वर्ष उसाच्या फडात. आजार काय इथंच थांबत नाही, सोबत जातो. २०१९ ला ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय निघाला तेव्हा सरकारनं समिती नेमली, पेपरात रोज बातम्या. आमच्याकडं अशा बायका येतात, ऑपरेशन कधी झालं विचारलं तर "धाकटा पोरगा शाळंत घातला तवा" असं वर्ष सांगतात, आणि कशासाठी झालं याचा एकही कागद नसतो. डिजिटल रेकॉर्डची सगळ्यात जास्त गरज कुणाला आहे तर या बायकांना.

अमेरिकेनं हे आपल्या आधी करून बघितलंय. तिथं २००९ साली मंदीतनं सावरायला जो मोठा कायदा केला त्यातच हायटेक नावाचा भाग होता. मेडिकेअरचे, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी विम्याचे, पेशंट बघणाऱ्या डॉक्टरला पाच वर्षांत मिळून ४४ हजार डॉलरपर्यंत मिळू शकत होते, वाटप २०११ पासून चालू झालं, आणि नुसतं सॉफ्टवेअर घेऊन भागत नव्हतं, ते खरंच वापरताय हे दाखवावं लागायचं, त्याला मीनिंगफुल यूज म्हणायचे. जे आले नाहीत त्यांच्या बिलातनं २०१५ पासून कपात. परिणाम दिसला की, २००८ ला शंभरातल्या नऊ-दहा हॉस्पिटलांकडं कॉम्प्युटरवरचं रेकॉर्ड होतं, २०१५ ला ऐंशीच्या वर गेले. म्हणजे पैसे दिले की काम होतं. पण एका हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर दुसऱ्याला माहिती देईना, पेशंट परत फाईल घेऊन फिरायलाच लागला. माहिती अडवून धरू नका म्हणून २०१६ ला वेगळा कायदा करावा लागला आणि २०१८ ला त्या योजनेचं नावच बदलून प्रमोटिंग इंटरऑपरेबिलिटी केलं, म्हणजे रेकॉर्ड एकमेकांना उघडता आलं पाहिजे यावर जोर.

आपल्याकडं सोय आधीपासून आहे. रेकॉर्ड ज्या त्या दवाखान्यातच राहतं, पेशंटनं मोबाईलवर हो म्हणलं तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसतं. (आभा काढलं की सगळी माहिती सरकारकडं जाते असं गावात बोलतात, ते तसं नाही, आणि आभा सक्तीचंही नाही.) मग वीस रुपये फक्त चढवायचेच का? केजात चढलेली चिठ्ठी बेळगावच्या दवाखान्यात उघडली तर दोघांनाही चार पैसे द्या. जिथून माणसं बाहेर जातात त्या तालुक्यांत खालची रेघ कमी करा. आणि सगळ्यात आधी आधारचा मोबाईल नंबर बदलायची सोय गावात आणा, टोळी निघायच्या आधी, कारण तालुक्याच्या आधार केंद्रावर जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते, ती कोण भरून देणार.

मावशींचं आभा सप्टेंबरात निघालं. नवीन सिम, आधार केंद्राच्या दोन चकरा, पहिल्या चकरेला तर सर्व्हरच बंद होता. जुन्या चारही चिठ्ठ्या मी बसून चढवल्या आणि त्यांच्या पुतण्याच्या मोबाईलमध्ये ॲप टाकून दिलं, तो त्याच टोळीत आहे, त्याला दोनदा उघडून दाखवायला लावलं. जाताना सरांनी गोळीचं नाव मोठ्या अक्षरात लिहून दिलं, ते मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून चिकटवून त्यांच्या पिशवीत ठेवलं, कारण तिकडच्या दवाखान्यात स्कॅन करणारं कोणी असंल का नसंल.